ख्रिस्ती वाचन, लेखन आणि जगभरच्या बातम्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न वाचकांनी पाठवलेले आहेत आणि पुन्हापुन्हा येत असतात. काहींची भाषा थोडी आवरली, आशय तोच ठेवला. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट परंपरांत जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. एकच गोष्ट दोनदा लिहायची वेळ येऊ नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. बायबल पहिल्यांदाच मोबाइलवर वाचायला घेतलंय. सुरुवात कुठून करू?

मार्कच्या शुभवर्तमानापासून. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान, सोळा अध्यायांचं आहे. एका बैठकीत वाचून होतं. मग लूक, आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण परंपरेने दोन्ही पुस्तकं एकाच लेखकाची मानली जातात आणि पहिलं जिथे संपतं तिथूनच दुसरं सुरू होतं. उत्पत्तीपासून ओळीने वाचायला बसलेले कितीतरी जण लेवीय या तिसऱ्या, नियमांनी भरलेल्या पुस्तकापर्यंत येऊन थांबतात. त्यात वाईट वाटून घेऊ नका, क्रम बदला. साधनांची कमतरता नाही: बायबल गेटवे १९९३ पासून आहे, यूव्हर्जनचं अ‍ॅप २००८ पासून, आणि दोन्हींवर वाचायला पैसे पडत नाहीत.

२. रोज सकाळी मोबाइलवर एक वचन येतं, तेवढं वाचलं तर चालेल ना?

काहीच न वाचण्यापेक्षा बरं, पण त्या वचनाचा अध्याय उघडण्याची सवय लावा. सर्वांत जास्त फिरणाऱ्या वचनांपैकी यिर्मया २९:११ घ्या. देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, तो तुम्हाला आशा देणार आहे, असं ते सांगतं. परीक्षेच्या आदल्या रात्री आणि नोकरीच्या मुलाखतीआधी ते हटकून पाठवलं जातं. आता त्याच्या एकच वचन आधीचं वाचा: सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर मी तुमची भेट घेईन, असं देव म्हणतो. हा अध्याय म्हणजे बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. ते ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना कळलं असणार की आपण परतीचा दिवस पाहणार नाही. तरीही घरं बांधा, मळे लावा, ज्या शहरात नेलं गेलं त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असं त्यांना सांगितलंय. एवढं वाचल्यावर ते वचन कितीतरी जड आणि खरं होतं. नापास झालेल्या मुलाच्याही ते कामी येतं.

३. कुणाच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं, कुणाच्या ७३. बरोबर कुठलं?

नव्या कराराची २७ पुस्तकं तिन्ही परंपरांत सारखीच आहेत. फरक जुन्या करारात आहे: प्रॉटेस्टंट ३९ मानतात, कॅथलिक ४६. तोबीत, यहूदीथ, मक्काबी यांसारखी जादा पुस्तकं प्राचीन ग्रीक भाषांतराच्या संग्रहातून आलेली आहेत. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची यादी याहून थोडी मोठी असते, आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत परंपरेने ८१ पुस्तकं मोजतात. अ‍ॅपमध्ये एखादं पुस्तक दिसत नसेल तर कुणी ते लपवलेलं नाही. तुम्ही दुसऱ्या परंपरेची आवृत्ती उघडली आहे.

४. "नव्या बायबलमधून वचनं काढून टाकली, लगेच तपासा" असा मेसेज आला. तपासलं तर मत्तय १७:२१ खरंच नाही!

नाही हे खरं, पण त्यामागे कट नाही. मत्तय १७:२१, मत्तय १८:११, प्रेषितांची कृत्ये ८:३७ अशी काही वचनं अनेक आधुनिक आवृत्त्यांत मुख्य मजकुरात नसतात. कारण वचनांच्या क्रमांकांत सापडतं. नव्या कराराला आजचे वचन-क्रमांक रॉबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. त्याच्या हाताशी बहुतेक नंतरच्या काळातल्या हस्तलिखित प्रती होत्या. पुढे चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा त्यांत ही वचनं नाहीत असं दिसलं. मत्तयातल्या वचनांबाबत, नकलकारांनी समांतर उताऱ्यातली ओळ इथे आणली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. क्रमांक मात्र सगळीकडे रूढ झाले होते, म्हणून वीसनंतर एकदम बावीस येतो आणि गाळलेली ओळ सहसा तळटीपेत असते. मेसेज पाठवणारा तळटीपेबद्दल काही बोलत नाही. मत्तयात न सापडणारी ती प्रार्थनेची गोष्ट मार्क ९:२९ मध्ये तुम्हाला आजही वाचता येते. सिनाई हस्तलिखिताची पानं तर २००९ पासून इंटरनेटवर कुणालाही पाहायला खुली आहेत.

५. रविवारची उपासना घरी बसून स्क्रीनवर पाहिली तर चालते का?

आजारी असाल, बाहेर पडता येत नसेल, तर निःसंकोच पाहा. कॅथलिक नियमानुसार ज्याला जाणं शक्यच नाही त्याच्यावर रविवारच्या मिस्साचं (कॅथलिक उपासनेचं) बंधन नसतं. स्क्रीनवरची मिस्सा हा त्याच्यासाठी आधार आहे. जाणं शक्य असताना ती पाहिली तर मात्र बंधन पूर्ण होत नाही. असीसीची संत क्लेअर आजारपणात अंथरुणाला खिळलेली असताना तिला दूरवरची नाताळची उपासना भिंतीवर दिसली, अशी कथा आहे. म्हणूनच पोप पायस बारावे यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केलं.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा लिखित नियम सहसा नसतो. माझं मत विचाराल तर, धडधाकट माणसाने स्क्रीनवर समाधान मानू नये. उपासना संपल्यावर शेजारी बसलेल्या विधवेला "कशा आहात?" असं विचारणं हाही मंडळीचाच भाग आहे, आणि तो प्रक्षेपणात येत नाही.

६. मग ऑनलाइन प्रभुभोजन? आणि कन्फेशन (पापांची कबुली)?

इथे परंपरा वेगळ्या वाटेने जातात. कॅथलिक चर्चचं उत्तर स्पष्ट आहे. "चर्च आणि इंटरनेट" या २००२ च्या व्हॅटिकन दस्तऐवजात, इंटरनेटवर संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांसारखे पवित्र विधी) होत नाहीत, असं थेट लिहिलंय. फोनवर किंवा मेलवर कन्फेशन होत नाही. २०११ मध्ये कन्फेशनची तयारी करून घेणारं एक अ‍ॅप निघालं तेव्हाही व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी सांगितलं की तयारीला हरकत नाही, पण धर्मगुरूसमोर जाण्याला ते पर्याय नाही. ऑर्थोडॉक्स परंपराही संस्कारासाठी प्रत्यक्ष हजेरी मागते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये एकमत नाही. २०२० च्या साथीत काहींनी घरोघरी भाकर आणि द्राक्षरस घेऊन स्क्रीनसमोर प्रभुभोजन घेऊ दिलं, तर काहींनी पुन्हा एकत्र जमेपर्यंत ते थांबवलं. तुमच्या मंडळीत काय चालतं ते पाळकांनाच विचारा.

अपवाद म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: पोप "उर्बी एत ओर्बी" ("शहराला आणि जगाला") हा आशीर्वाद देतात तेव्हा तो रेडिओ, टीव्ही किंवा इंटरनेटवरून भक्तिभावाने स्वीकारणाऱ्यालाही मिळतो. तो संस्कार नाही, त्यामुळे वरच्या नियमाशी विरोध येत नाही.

७. "चर्चने अमुक निर्णय घेतला" अशी बातमी आली. हे कुठलं चर्च?

हा प्रश्न बातमी वाचताना प्रत्येकाने स्वतःला विचारावा. जगात ख्रिस्ती लोक सुमारे २३० कोटी आहेत. त्यांतले १४० कोटींच्या आसपास कॅथलिक, आणि त्यांचे प्रमुख पोप. ऑर्थोडॉक्स मंडळ्या स्वायत्त आहेत. कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कना मानाचं पहिलं स्थान आहे, पण ते "ऑर्थोडॉक्सांचे पोप" नाहीत. अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल यांची प्रत्येकाची वेगळी रचना. काही ठिकाणी तर प्रत्येक मंडळी आपला निर्णय आपणच घेते. १९४८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला स्थापन झालेली जागतिक चर्च परिषद साडेतीनशेच्या आसपास मंडळ्यांना एकत्र आणते, पण कॅथलिक चर्च तिचं सदस्य नाही आणि परिषदेचा ठराव सदस्य मंडळ्यांवर सक्तीचा नसतो. मथळ्यात नुसतं "चर्च" असेल तर बातमीत खाली नाव शोधा. तिथेही नसेल तर बातमीदाराला ते ठाऊक नाही असं समजा.

८. पोप अमुक बोलले, हे खरं की खोटं कसं ओळखायचं?

आधी, ते बोलले का हेच पाहा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या निवडणुकीत पोप फ्रान्सिस यांनी एका उमेदवाराला पाठिंबा दिल्याची बातमी लाखोंनी वाचली. ती पूर्ण बनावट होती. मार्च २०२३ मध्ये पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला त्यांचा फोटो जगभर फिरला. तो कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवला होता. पोपची भाषणं आणि पत्रं व्हॅटिकनच्या अधिकृत संकेतस्थळावर पूर्ण मजकुरासह, बहुधा लवकरच, येतात. तिथे नसलेलं "भाषण" पुढे पाठवू नका.

बोलले असतील तर, कशाच्या रूपात बोलले ते पाहा. विमानात पत्रकारांना दिलेलं उत्तर, रविवारच्या प्रार्थनेनंतरचे दोन शब्द, आणि प्रेषितीय उद्बोधन किंवा परिपत्रक ही पोपची औपचारिक पत्रं, यांचं वजन सारखं नसतं. "पोप अचूक असतात" हा सिद्धांत १८७० च्या व्हॅटिकन धर्मपरिषदेत ठरला आणि तो फार मोजक्या, औपचारिक घोषणांपुरता आहे. मरियेच्या स्वर्गउन्नयनाची १९५० ची घोषणा हे त्याचं ठळक उदाहरण. विमानातल्या एका वाक्यावरून "चर्चने शिकवण बदलली" असा मथळा आला तर पूर्ण प्रश्न आणि पूर्ण उत्तर वाचल्याशिवाय कुणाशी वाद घालू नका.

९. "आज रात्री मिशनऱ्यांना ठार मारणार आहेत, ताबडतोब प्रार्थना करा आणि पुढे पाठवा." असा मेसेज पुढे पाठवू की नको?

प्रार्थना लगेच करा. पुढे पाठवू नका, जोवर तपासत नाही तोवर.

या प्रकारचे तीन मेसेज वर्षानुवर्षं फिरताहेत. पहिला: अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना उद्या दुपारी मृत्युदंड होणार. २००७ मध्ये तिथे २३ कोरियन ख्रिस्ती स्वयंसेवकांचं अपहरण झालं आणि त्यांतल्या दोघांचा जीव गेला, हे खरं. पण "उद्या दुपार" नंतरही वर्षानुवर्षं येतच राहिली. दुसरा: भारतातल्या "ओलिसाबांग" प्रांतात आज रात्री दोनशे मंडळ्या जाळणार. असा प्रांतच नाही. तिसरा सगळ्यात शिकण्यासारखा आहे: इराकमधलं काराकोश हे ख्रिस्ती शहर इसिसने ताब्यात घेतलंय. ऑगस्ट २०१४ मध्ये हे अक्षरशः खरं होतं. हजारो कुटुंबं एका रात्रीत शहर सोडून गेली. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये शहर मुक्त झालं, लोक परतू लागले, आणि मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस तिथल्या जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या अल-ताहिरा चर्चमध्ये जाऊन आले. लोक "आज ताब्यात घेतलं" म्हणून पुढे पाठवत होते, तेव्हा तिथल्या माणसांना हवी होती ती घरं बांधायला मदत.

तिन्ही मेसेजमध्ये "आज", "उद्या" आहे आणि तारीख नाही. पाठवणाऱ्याचं नाव नाही, संस्था नाही. खरी बातमी कशी दिसते ते फेब्रुवारी २०१५ च्या लिबियातल्या हत्याकांडावरून कळतं. एकवीस जण मारले गेले, वीस इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आणि एक घानाचा. त्यांची नावं कळली, गावं कळली. तेरा जण तर अल-और या एकाच गावचे. त्यांच्या मंडळीने त्यांना हुतात्मे म्हणून जाहीर केलं, आणि २०२३ मध्ये रोमनेही त्यांची नावं आपल्या हुतात्म्यांच्या यादीत घातली. नाव, गाव, तारीख आणि साक्ष देणारी मंडळी शोधा.

१०. इतकं तपासत बसणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही का?

मुळीच नाही. लूकने शुभवर्तमानाच्या पहिल्या चार वचनांतच सांगितलंय की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा मुळापासून नीट शोध करून तो थियफिलला क्रमवार लिहीत आहे. बिरुयातले लोक तर पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्र उघडून पडताळत होते, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्याबद्दल त्यांची स्तुती आहे. उलट, खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आहेच. ती बोटाने पुढे ढकललेल्या मजकुरालाही लागू आहे, असं मी मानतो.

११. दरवर्षी किती ख्रिस्ती मारले जातात? कुणी एक लाख म्हणतं, कुणी साडेचार हजार, कुणी तेरा!

तिन्ही आकडे खरोखर प्रसिद्ध झालेले आहेत, पण प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे. "वर्षाला एक लाख" हा आकडा अमेरिकेतल्या एका अभ्यासकेंद्राच्या २००० ते २०१० या दशकाच्या अंदाजातून आला. २०१३ मध्ये बीबीसीने तो तपासला तेव्हा दिसलं की त्यातला बहुतांश भाग काँगोच्या यादवी युद्धातल्या मृत्यूंचा होता. मरणारे ख्रिस्ती होते, पण मारणारेही बहुतांशी ख्रिस्तीच होते. ओपन डोअर्स या संस्थेने २०२५ च्या यादीत श्रद्धेशी निगडित कारणांनी मारल्या गेलेल्यांचा आकडा ४४७६ दिला, त्यांतले ३१०० एकट्या नायजेरियातले. आणि फिदेस ही वृत्तसंस्था वर्षअखेरीस फक्त मारले गेलेले कॅथलिक मिशनरी आणि सेवाकार्य करणारे मोजते, एकेकाच्या माहितीसह. २०२४ मध्ये ते तेरा होते.

तेव्हा आकडा सांगताना कोणी, काय आणि कोणत्या काळातलं मोजलं हे सोबत सांगा. फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की ऐकणारा खऱ्या ४४७६ वरही विश्वास ठेवत नाही, आणि ते दुःख त्या कुटुंबांच्या वाट्याला येतं.

१२. मग भरवशाच्या बातम्या कुठे वाचायच्या?

कॅथलिक जगासाठी व्हॅटिकन न्यूज आणि १९२७ पासूनची फिदेस. आशियासाठी यूसीए न्यूज. सर्व धर्मांच्या बातम्यांसाठी १९३४ पासून चालणारी रिलिजन न्यूज सर्व्हिस. छळाच्या बातम्यांसाठी ओपन डोअर्स आणि "एड टू द चर्च इन नीड" यांचे अहवाल उपयोगी आहेत, पण या संस्था मदतनिधीही गोळा करतात हे ध्यानात ठेवून वाचा. कोणतीही गंभीर बातमी एका ख्रिस्ती आणि एका सर्वसाधारण वृत्तसंस्थेत अशी दोन्हीकडे पाहिली की चित्र स्पष्ट होतं.

१३. संकटातल्या एका विश्वासणाऱ्यासाठी प्रार्थना मागायची आहे. त्याचं नाव, फोटो टाकू का?

त्याची स्पष्ट परवानगी नसेल तर नाही, आणि धर्मांतरामुळे जीव धोक्यात येतो अशा ठिकाणी राहत असेल तर परवानगी असली तरी नाही. फोटोच्या मागच्या भिंतीवरची पाटी, मुलाच्या शाळेचा गणवेश, खिडकीतून दिसणारा मनोरा, एवढ्यावरून माणूस शोधता येतो. "एका बहिणीसाठी" एवढं लिहिलं तरी प्रार्थना पोहोचते. आजारपणाच्या विनंत्यांनाही हेच लागू: रिपोर्टचा फोटो गटावर टाकण्याचा हक्क फक्त रुग्णाचा.

प्रश्न ९ मध्ये नाव-गाव शोधायला सांगितलं, इथे झाकायला सांगतोय, असं एका वाचकाने विचारलं होतं. तिथे प्रसिद्ध झालेल्या घटनेची खातरजमा आहे, इथे जिवंत माणसाचं रक्षण.

१४. संतांचे सुविचार पाठवतो. त्यांत चुकीचे कुठले?

फार आहेत. "शुभवर्तमान सांगा, गरज पडली तर शब्द वापरा" हे असीसीच्या फ्रान्सिसच्या लिखाणात कुठेही नाही. "मला तुझ्या शांतीचं साधन कर" ही सुंदर प्रार्थना त्याच्या नावाने म्हटली जाते, पण ती पहिल्यांदा छापली गेली १९१२ मध्ये, एका फ्रेंच मासिकात. ती जरूर म्हणा, फक्त खाली त्याचं नाव लिहू नका. उद्या जग संपणार असलं तरी आज सफरचंदाचं झाड लावीन, हे लूथरचं म्हणून सांगतात. त्याची सर्वांत जुनी लेखी नोंद १९४४ ची आहे. आणि "जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो" हे बायबलमध्ये नाही. वचन म्हणून पाठवायचं तर पुस्तक, अध्याय आणि क्रमांक लिहायची सवय ठेवा, म्हणजे आपलीच चूक आपल्याला कळते.

१५. बायबलची वचनं आणि गीतं टाकायला परवानगी लागते का? देवाच्या वचनावर कसला हक्क?

मूळ शास्त्रावर कुणाचा नाही. आधुनिक भाषांतरावर असतो, कारण त्यामागे अनेकांची वर्षानुवर्षांची मेहनत असते. प्रत्येक भाषांतराची मर्यादा पहिल्या पानांत छापलेली असते. एनआयव्ही या इंग्रजी भाषांतरात, उदाहरणार्थ, ५०० वचनांपर्यंत लेखी परवानगी लागत नाही, पण एखादं अख्खं पुस्तक उतरवता येत नाही. किंग जेम्स भाषांतर जवळपास सगळीकडे मुक्त आहे. ब्रिटनमध्ये मात्र ते छापण्याचा हक्क आजही राजसत्तेकडे आहे.

गीतांत जास्त फसगत होते. जॉन न्यूटनने १७७९ मध्ये छापलेले "अमेझिंग ग्रेस"चे शब्द मुक्त आहेत, पण त्याच शब्दांची कुणी गेल्या वर्षी केलेली चाल किंवा ध्वनिमुद्रण मुक्त नाही. चर्चमध्ये गायला घेतलेला परवाना थेट प्रक्षेपणाला पुरतोच असं नाही. त्यासाठी बहुधा वेगळा घ्यावा लागतो. प्रक्षेपणाच्या मध्येच आवाज बंद पडण्यामागे हे कारण असू शकतं.

१६. माझी साक्ष, म्हणजे विश्वासात कसा आलो ती गोष्ट, लिहायची आहे. किती उघड करू?

स्वतःबद्दल जेवढं पेलेल तेवढं. इतरांबद्दल, त्यांना विचारून. दारूच्या व्यसनातून सुटल्याची साक्ष लिहिताना पत्नीने काय सोसलं तेही येतं, आणि ते तिचं आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पौल विश्वासात आला तो दमास्कसच्या वाटेवरचा प्रसंग तीनदा येतो: नवव्या अध्यायात लेखक सांगतो, बाविसाव्यात आणि सव्विसाव्यात पौल स्वतः. यरुशलेमच्या जमावापुढे तो हनन्याबद्दल (दमास्कसमध्ये त्याला भेटायला आलेल्या शिष्याबद्दल) सविस्तर बोलतो, राजा अग्रिप्पापुढे हनन्याचं नावही घेत नाही. घटना एकच, समोरचा माणूस वेगळा. साक्ष रंगवण्यासाठी जुनं पाप मोठं करून लिहू नका. तुम्हाला तेव्हापासून ओळखणारे लोकही ती वाचणार आहेत.

१७. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून प्रवचन किंवा प्रार्थना लिहून घेतली तर?

संदर्भ शोधायला वापरा, पण प्रत्येक वचन स्वतः उघडून पाहा. ही साधनं नसलेली वचनं आणि चुकीचे क्रमांक अगदी आत्मविश्वासाने देतात. एप्रिल २०२४ मध्ये एका कॅथलिक संस्थेने धर्मगुरूच्या वेशातलं बोलकं पात्र आणलं. ते आपण खरेच फादर असल्याचं सांगू लागलं आणि काही दिवसांतच संस्थेला त्याचं फादरपण काढून घ्यावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने या विषयावर सविस्तर टिपण काढलं आहे, ते वाचण्यासारखं आहे. प्रवचनाबाबत मला एवढंच वाटतं की मंडळीतल्या कुणाच्या घरी मयत झालं आहे हे त्या यंत्राला ठाऊक नसतं, पाळकाला असतं.

१८. ईस्टरच्या शुभेच्छा कुणाला कधी द्यायच्या? तारखा वेगळ्या का?

पाश्चात्त्य मंडळ्या ग्रेगोरियन पंचांगाने मोजतात, बहुतेक ऑर्थोडॉक्स ज्युलियन पंचांगाने. २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिलला आले. २०२६ मध्ये ५ आणि १२ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च आणि २ मे. २०२८ मध्ये पुन्हा एकच, १६ एप्रिल.

१९. इंटरनेटचा आश्रयदाता संत कोण?

अधिकृत घोषणा झालेली नाही. सातव्या शतकात वारलेला सेव्हिलचा इसिदोर हे नाव अनेक वर्षं घेतलं जातं, कारण त्याने आपल्या काळातलं ज्ञान वीस खंडांत संकलित केलं. हल्ली तरुण कार्लो अकुतिसचं नाव घेतात. तो २००६ मध्ये पंधराव्या वर्षी वारला, पवित्र भाकरीशी जोडलेल्या चमत्कारांची माहिती त्याने संकेतस्थळावर मांडली होती, आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. लेखक आणि पत्रकारांसाठी मात्र अधिकृत संत आहे: फ्रान्सिस द सेल्स, १९२३ पासून. लोक प्रवचनाला येईनात तेव्हा तो छोटी पत्रकं लिहून घरांच्या दाराखालून आत सरकवायचा.

२०. आमचे पाळकच खोटे मेसेज पाठवतात. सांगायचं कसं?

गटावर नाही. मत्तय १८:१५ मध्ये पहिली पायरी सांगितली आहे: तू आणि तो दोघेच असताना. फोन करा किंवा उपासनेनंतर बाजूला भेटा. "पाळकसाहेब, कालच्या मेसेजमधलं हे शहर २०१६ मध्येच मुक्त झालंय, ही बातमी बघा," एवढं पुरतं. सोबत पुरावा मोबाइलवर उघडून ठेवा. बहुतेक जण आभार मानतात आणि स्वतःच गटावर दुरुस्ती टाकतात. त्यांनी टाकली नाही आणि मेसेजमुळे कुणाच्या जिवाला किंवा दोन समाजांतल्या सलोख्याला धोका असेल, तर वाट पाहू नका. त्यांचं नाव न घेता खरी माहिती तुम्हीच गटावर टाका. मेसेजमध्ये पैसे मागितले असतील तर त्याआधी पाळकांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन करून विचारा, कारण पाळकांच्या नावाने दुसऱ्याच कुणीतरी खातं उघडलेलं असण्याचे प्रकार सर्रास घडतात.